मी श्रावण पाळायचो, म्हणून मी दारुडा नव्हतो

हे लिहायला बसलोय तेव्हा मला दारू न घेता सात महिने झालेत. आठव्याची हमी मी देत नाही. पूर्वी द्यायचो. बायकोला, मुलीला, वडलांना. प्रत्येक वेळी अगदी मनापासून द्यायचो, म्हणून आता देत नाही.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बी.एस्सी., फिजिक्स. वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणतो, जुन्नरकडून कल्याणला आले, मार्केटात पोती उचलली आणि आंबिवलीत दोन खोल्या केल्या. काळा डगला आणि टोपी घालून काढलेला माझा पदवीचा फोटो त्यांनी दारासमोरच्या भिंतीवर लावलाय, देवांच्या रांगेत. घरी येणाऱ्याला चहाच्या आधी तो फोटो बघावा लागतो. हे सांगतोय कारण माझा आजार मला इतकी वर्षं दिसला नाही, त्यात त्या फोटोचा मोठा वाटा आहे.

दारुडा कसा असतो हे मला लहानपणापासून माहीत होतं. आमचा चुलता होता ना, अप्पांचा धाकटा भाऊ. देशी पिऊन स्टेशनच्या रस्त्यावर आडवा. अप्पा त्याला खांद्यावर टाकून घरी आणायचे, पोतं आणावं तसा. मी तसा नव्हतो. मी घरी प्यायचो, टेबलाशी बसून, काचेच्या ग्लासात आणि मोजून. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका प्लँटमध्ये मी क्वालिटीला आहे. मशीनवरून आलेली पिन बरोबर जाडीची आहे का, ते मायक्रोमीटरनं मोजायचं आणि पास किंवा रिजेक्ट सांगायचं, हे माझं काम. असा माणूस दारूसुद्धा मापानंच घेणार. घरी मी मापाचा कप ठेवला होता. पुढे त्या कपानं किती वेळा ओतायची, तेवढंच मोजायचं राहून गेलं.

पुरावा

श्रावण हा माझा पुरावा होता.

आमच्याकडे आषाढ अमावास्येला बायका घरातले दिवे घासूनपुसून पूजा करतात आणि पुरुषांची त्याच दिवशी गटारी असते, म्हणजे पुढच्या महिन्याभराचं खाणंपिणं एका दिवसात उरकून घ्यायचं. दुसऱ्या दिवसापासून मटण बंद, दारू बंद. प्लँटमध्ये चहाच्या वेळी त्या आठवड्यात दुसरा विषय नसतो. "पाळणार का?" "पाळणार." जो पाळतो तो कंट्रोलमध्ये आहे, असं सगळे धरून चालतात.

माझ्या शेजारच्या टेबलावर सावंत बसतो. तो म्हणायचा, "साहेब, तुम्ही घेता हे कोणाला सांगितलं तरी पटणार नाही. श्रावणात तुमचं तोंड बघा, भटजी वाटता."

बायकोनं, वैशालीनं, विषय काढला की माझं एकच उत्तर असायचं. "दारुड्याला महिना काढता येतो का? मी काढतो की नाही?" ती गप्प बसायची. तेव्हा मी खरंच काढायचो.

मग एका वर्षी नारळी पौर्णिमेला सुटला. मेव्हणा आलेला, त्याचं निमित्त. पुढच्या वर्षी मी श्रावणातले सोमवार आणि शनिवार पाळले. त्याच्या पुढच्या वर्षी फक्त सोमवार. नंतर एकच सोमवार, तोही संध्याकाळी सातपर्यंत, कारण उपास सोडला की दिवस संपला असं मीच ठरवलं. आणि प्लँटमध्ये "आपला श्रावण कडक असतो बाबा" हे चालूच. गंमत म्हणजे आपण खोटं बोलतोय असं मला वाटायचंही नाही.

सकाळी हात कधीपासून थरथरायला लागले ते नक्की सांगता येत नाही. मायक्रोमीटर धरलेली बोटं हलली की आकडा चुकतो. एक दिवस एकच पिन तीनदा मोजली तर तीन वेगळे आकडे आले. मी संडासात गेलो, बॅगेतल्या पाण्याच्या बाटलीतून दोन घोट घेतले. त्या बाटलीत काय होतं ते सांगायला नको. परत येऊन पिन मोजली. आकडा बरोबर! मला घाम फुटायला हवा होता. मला आनंद झाला. वाटलं, चला, उपाय सापडला.

वाचणाऱ्यांपैकी कोणी सकाळी हात थांबावा म्हणून घोट घेत असेल, तर त्याला माझं एवढंच सांगणं आहे की मी त्या दिवशीच डॉक्टरला दाखवायला हवं होतं. मी किती पितो ते मोजत बसलो. न प्यायल्यावर हात थरथरतात, तिकडे बघायला हवं होतं.

पैज

आम्ही डोंबिवलीत राहतो. माझी मुलगी श्रुती तिथंच कॉलेजला आहे. आईसारखी गप्प बसणारी नाही, अप्पांवर गेलीय. गेल्या वर्षी गटारीच्या दुपारी मी पिशवीतून बाटली काढत होतो आणि ही स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"पप्पा, पैज लावू?"

"कसली गं?"

"उद्यापासून श्रावण. पूर्ण महिना, एक थेंब नाही. जमलं तर ह्या विषयावर मी परत आयुष्यात बोलणार नाही. आईलाही बोलू देणार नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मी सांगेन त्या डॉक्टरकडे यायचं. आणि तिथं खरं बोलायचं."

मी हसलो. "तू मला पैज लावायला सांगतेस? बी.एस्सी. माणसाला?"

"बी.एस्सी. आहात ना, मग प्रयोग समजा. करून बघा."

आतून दिवे पुसता पुसता वैशाली म्हणाली, "कशाला नादी लागतेस त्यांच्या? दोन दिवसांत कोणीतरी मेव्हणा येईल बघ."

ते लागलं मला. फार लागलं. मी म्हणालो, "लावली."

तीन दिवस

पहिला दिवस अभिमानात गेला. झोप लागली नाही, बनियन घामानं दोनदा बदलला, पण छाती फुगलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप ओठांपर्यंत जाईना. बशीत सांडला, शर्टावर सांडला. मग मी कप टेबलावर ठेवून तोंडच खाली नेलं आणि प्यायलो. श्रुतीनं ते बघितलं आणि मान फिरवली. दिवसभर उलट्या. छातीत धडधड अशी की शेजारच्याला ऐकू जावी.

"डॉक्टरकडे जाऊया," वैशाली म्हणाली.

"व्हायरल आहे."

"अहो, व्हायरल नाहीये हे."

"मग काय आहे? तूच म्हणत होतीस ना दोन दिवस टिकणार नाही?"

  रोज एवढी पिणाऱ्यानं स्वतःच्या मनानं एकदम बंद केली तर ते जिवावर बेतू शकतं, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. आमच्याकडे दारू सोडणं म्हणजे पुण्य. पुण्य करताना माणूस मरू शकतो, असं कोण सांगणार?

तिसऱ्या दिवशी मी हट्टानं कामावर गेलो. पुढचं मला सावंतनं सांगितलं. "साहेब, तुम्ही पिन उचललीत आणि पिनेसारखेच ताठ झालात. मग सगळं अंग झटके देत खाली. मला वाटलं, गेले." त्यानं मला रिक्षात घालून ठाण्यातल्याच एका हॉस्पिटलात नेलं.

"व्यसन: नाही"

शुद्धीवर आलो तेव्हा जीभ चावली गेल्यामुळे तोंडात रक्ताची चव होती. थोड्या वेळानं डोंबिवलीहून वैशाली आणि श्रुती आल्या, आंबिवलीहून अप्पा आले. कॅज्युअल्टीतला डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता. त्यानं श्रुतीच्या हातात फॉर्म दिला आणि एकेक विचारत गेला. शुगर? नाही. बीपी? नाही. आधी कधी फिट? नाही.

"दारू, तंबाखू, काही व्यसन?"

मी काही बोलायच्या आत अप्पा बोलले. "ग्रॅज्युएट आहे तो, साहेब. आमच्यात तेवढा एकच शिकलाय. दारूबिरूचं काय नाय."

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही.

वैशाली खाली बघत ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. श्रुतीचं पेन कागदावर थांबलं होतं.

"पप्पा?" तिनं एकदाच विचारलं.

माझ्या डोक्यात काय होतं ते खरं सांगतो. पैज मी हरलो नव्हतो. तिसरा दिवस होता आणि एक थेंब घेतला नव्हता. मग खरं बोलायची अट मला कुठे लागू होती? मी परत मान हलवली.

तिनं लिहिलं, नाही.

पिना

पुढच्या दोन दिवसांतलं मला थोडं आठवतं. बाकीचं वैशालीनं सांगितलं. तेही तिनं एका बैठकीत नाही सांगितलं, भांडणांत तुकड्या तुकड्यानं सांगितलं.

चादरीवर पिना होत्या. शेकड्यांनी, चालणाऱ्या. मला त्या वेचून मोजायच्या होत्या आणि हातात मायक्रोमीटर नव्हता. मी ओरडत होतो की लॉट चाललाय, ट्रक उभा आहे. सलाइन उपटलं. दोघांनी धरून हात कापडी पट्ट्यांनी कॉटला बांधले. अप्पांना मी चुलत्याच्या नावानं हाक मारली आणि म्हणालो, मला खाली टाक, मी काय पोतं आहे? आणि श्रुती जवळ आली तेव्हा तिच्याकडे बोट करून म्हणालो, "हा पीस रिजेक्ट आहे. बाजूला ठेवा."

हे मला आठवत नाही. तिला आठवतं.

डॉक्टरांनी मेंदूचा ताप धरून तपासण्या चालवल्या होत्या. त्यांचं काय चुकलं? कागदावर नाही लिहिलेलं होतं. दुपारी फरशी पुसायला येणाऱ्या मावशी माझ्या कॉटपाशी थांबल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि वैशालीला हळूच म्हणाल्या, "ताई, राग नका मानू. ह्यांना रोजची होती का?"

"कसली?"

"आता कसली म्हणू मी. माझा मालक असाच चादरीवरून मुंग्या वेचायचा. बंद केली की तिसऱ्याचौथ्या दिवशी."

"ओ बाई," अप्पा म्हणाले, "तुमी तुमचं काम करा."

"तेच करतेय बाबा. पाय वर घ्या, ओलं आहे."

श्रुती उठली. सिस्टरच्या टेबलाशी गेली आणि माझा फॉर्म मागितला. आपल्याच अक्षरातलं "नाही" तिनं खोडलं आणि शेजारी लिहिलं. तो कागद मी नंतर फाइलमध्ये पाहिला. त्यावर असं आहे: "रोज. सकाळपासून. पाच दिवसांपूर्वी एकदम बंद केली. माझ्यामुळे."

निदान

त्यानंतर औषधं बदलली आणि दीड-दोन दिवसांत माझं डोकं ठिकाणावर आलं. हाताच्या पट्ट्या सुटल्या. मनोविकाराच्या डॉक्टर मॅडम आल्या, खुर्ची ओढून बसल्या. वयानं माझ्याएवढ्याच.

"किती घेत होतात?"

"मोजून घेतो मी, मॅडम."

"छान. मग आकडा सांगा."

मी आकडा सांगितला. त्यांनी तो लिहिला नाही, नुसत्या बघत राहिल्या. मी निम्मा सांगितला होता. त्यांनी श्रुतीकडे बघितलं. श्रुती खिडकीबाहेर बघत होती. मग मी दुसरा आकडा सांगितला. तो त्यांनी लिहिला.

"मॅडम, पण मी श्रावण पाळतो."

"मागच्या वर्षी किती दिवस पाळला?"

खोटं तोंडावर आलं होतं. "एक सोमवार," मी म्हणालो. "सातपर्यंत."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या शरीराला दारूची सवय झालीय. ती रोज मिळणार असं धरून ते चालत होतं. तुम्ही एका दिवसात काढून घेतलीत. त्याचं हे सगळं. हा आजार आहे. दारू सोडायचीच आहे, पण ती आमच्या नजरेखाली. आणि पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, दात काढायला गेलात तरी, हे आधी सांगायचं."

"म्हणजे मी..."

"तुम्ही पेशंट आहात," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर अप्पांनी विचारलं, "काय म्हनली?" श्रुती परत खिडकीबाहेर बघायला लागली. त्यांनी परत विचारलं नाही. आपल्याशीच म्हणाले, "धाकल्याला शाळा नव्हती, त्याचं मी समजू शकतो. तुला तर मी शाळंत घातलेलं."

मी चादर तोंडावर ओढून घेतली.

वॉर्ड

एकूण चौदा दिवस होतो. सकाळी सहाला सिस्टर गोळ्या घेऊन येणार, गिळल्यावर तोंड उघडून दाखवायचं. आठला चहा, अर्धाच कप भरलेला, कारण आमच्यासारख्यांचे हात. त्या अर्ध्या कपाबद्दल मी त्या माणसांचा कायम ऋणी राहीन. कोणी काही बोललं नाही, कप अर्धा भरून दिला एवढंच. ज्या दिवशी पूर्ण भरलेला कप न सांडता प्यायलो त्या दिवशी शेजारच्या कॉटवरच्या रिक्षावाल्यानं टाळ्या वाजवल्या.

हा रिक्षावाला तिसऱ्यांदा आला होता. पट्ट्या सुटल्या त्या दिवशी मी त्याच्याकडे पाठ करून झोपलो. माझी जागा त्याच्या रांगेत नाही, असं वाटत होतं. तो म्हणाला, "साहेब, पहिल्यांदा आलात ना? पहिल्यांदा सगळे भिंतीकडेच तोंड करतात. मीपण केलेलं."

त्याच्याशी बोलायला लागल्यावर कळलं, तो देशी पितो आणि मी काचेच्या ग्लासात, बाकी आमच्या गोष्टीत फरक नाही. सकाळचा घोट तोच, बायकोनं कामावर फोन करून "पोट बिघडलंय" सांगणं तेच. वैशालीनं माझ्यासाठी असे किती फोन केले असतील. मला वाटायचं, मी घर सांभाळतोय.

घरी

बरा होऊन आलो म्हणजे घर पूर्वीसारखं होईल, अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही. उलट मी पीत होतो तेव्हा दबून असलेलं सगळं आता वर आलं. मी संडासातून यायला पाच मिनिटं जास्त लावली तर वैशाली बाहेर उभी. मी बोलताना ती तोंडाजवळ यायची. प्रेमानं नाही, वासासाठी. एकदा मी चिडून म्हणालो, "यंत्र आणून ठेव ना त्यापेक्षा."

"ठेवलं असतं," ती म्हणाली. "तुमच्या मापाच्या कपापेक्षा खरं तरी बोललं असतं."

अप्पांना आजार हा शब्दच पटत नव्हता. दर रविवारी आंबिवलीहून यायचे आणि एकच. "मन घट्ट कर. कुलदैवताची शपथ घे." मी म्हणायचो, "अप्पा, मन घट्ट करून एकदम सोडली, त्यानंच झालं ना हे." त्यांना कळायचं नाही. कसं कळणार? त्यांनी आयुष्यभर जे केलं ते मन घट्ट करूनच केलं.

श्रुतीचं सगळ्यात अवघड. ती बोलायचीच नाही. थेट बोलणारी पोरगी, पण माझ्याशी फक्त गोळ्या घेतल्या का आणि जेवलात का. एक दिवस मी म्हणालो, "तू खोडलंस म्हणून मी वाचलो."

"आणि पैज कोणी लावली?" ती म्हणाली आणि क्लासला निघून गेली.

तुझ्यामुळे नाही, हे मी तिला सांगितलं. पुष्कळदा सांगितलं. मॅडमनीही सांगितलं. पण माझा शब्द तिच्याकडे चालेल अशी सोय मी ठेवली कुठे होती? मला वाटलं, मी कायमची सोडली की तिला पटेल. म्हणजे आता माझी दारू सोडणं तिच्या मनातून ते "माझ्यामुळे" काढण्यासाठी होतं. फार मोठं ओझं घेतलं मी. दारू न पिणं हेच तेव्हा पेलत नव्हतं.

हळद

साडेतीन महिने झाले होते. कल्याणला चुलतभावाच्या मुलाची हळद होती. आमच्या भागात हळदीचा मांडव आणि मांडवामागची पिण्याची बैठक ही दोन वेगळी कार्यं असतात. मी मांडवात बसलो होतो. भाऊ आला. "ये रे मागं. कोल्ड्रिंक घे, बस नुसता." वैशालीनं लांबून मान हलवली, नको. मला तिचं ते मान हलवणं दिसलं आणि चार नातेवाइकांनाही दिसलं. शिकलेला माणूस बायकोच्या मानेवर चालतो, असं त्यांना वाटेल, म्हणून मी उठलो. पहिला ग्लास खरंच कोल्ड्रिंकचा होता.

ह्यात कोणाचा दोष काढत नाही. हात माझा होता.

पुढचे नऊ दिवस मी रोज घेतली. चोरून, आधीसारखीच, आणि आधीपेक्षा जास्त. सात-आठ दिवसांत सकाळचे थरथरते हात परत आले. ह्या वेळी मला सगळं माहीत होतं. चालू ठेवली तर काय, बंद केली तर काय, दोन्ही माहीत. पूर्वी निदान अज्ञान होतं. आता शिकलेला होतो, दारूतसुद्धा ग्रॅज्युएट, आणि काहीही करता येत नव्हतं. कामावर पिना समोर पडलेल्या असायच्या आणि मी त्यांना हात लावायला घाबरायचो.

नवव्या दिवशी संध्याकाळी श्रुती गॅलरीत कपडे काढत होती. मी तिच्यामागे जाऊन उभा राहिलो. किती वेळ उभा होतो कोण जाणे.

"श्रुती, मी घेतो आहे. हळदीपासून."

ती वळली नाही. चिमटे काढत राहिली, एकेक करून मुठीत. मला वाटलं, ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आज घेतलीत?"

"सकाळी. दुपारी."

"अचानक बंद नका करू," ती म्हणाली. "उद्या सकाळी मॅडमकडे जाऊ. मी कॉलेजला दांडी मारते."

"तू नको. आई येईल."

"मी येणार."

परत

सकाळी अप्पाही आले. वैशालीनं फोन केला होता. आता काय म्हणतात म्हणून मी तयारीत होतो, पण त्यांनी नुसती माझी फाइल काखेत मारली. ओपीडीच्या बाकड्यावर आम्ही चौघं बसलो. नवीन फॉर्म भरायचा होता. श्रुतीनं पर्समधून पेन काढलं आणि सवयीनं भरायला लागली. नाव, वय, पत्ता. त्या ओळीशी आल्यावर थांबली.

"आण," मी म्हणालो.

आमच्या घरात अक्षर माझं. आंबिवलीतल्या चाळीत कोणाचाही अर्ज असो, रेशनचा, शाळेचा, लोक माझ्याकडे यायचे आणि अप्पा शेजारी बसून बघायचे, कसा लिहितो. मी पेन घेतलं. "व्यसन" ह्या शब्दापुढे लिहायला लागलो. हात ऐकेना. अक्षरं एकमेकांवर चढली, रेष भलतीकडेच गेली. जे झालं ते बघून मलाच लाज वाटली.

"काय लिव्हलंस?" अप्पांनी विचारलं.

श्रुतीनं कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि परत माझ्या मांडीवर ठेवला.

"वाचता येत नाहीये, पप्पा," ती म्हणाली. "परत लिहा."

कागद हलत होता. अप्पांनी वाकून पोती उचललेला आपला रुंद पंजा त्याच्या कडेवर ठेवला, हलू नये म्हणून. मी परत लिहिलं.